निनावी पत्र, पोलीस आणि आपण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पालकांच्या मेळाव्यात शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे अभ्यास, शिस्त आणि मोबाइलचे दुष्परिणाम, असे समजूनच आपण आला असाल. त्या विषयांवर बोलणारे माझ्याहून अनुभवी सहकारी व्यासपीठावर आहेत. मी आज थोडा निराळा विषय घेतला आहे. निनावी पत्र, निनावी फोन, निनावी धमकी, आणि असे काही हाती आल्यावर पोलीस काय करतात, हा तो विषय. मी वकील नाही आणि पोलीस खात्यात माझे कोणी नातेवाईकही नाहीत. आठवी ते दहावीला इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणारा मी एक साधा शिक्षक. परंतु नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे येत नाही तेच विचारण्यासाठी पालक माझ्याकडे येतात, म्हणून हे सारे मला वाचून काढावे लागले.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास घरी आले. त्यांच्या थोरल्या मुलाबद्दल कोणीतरी पोलीस ठाण्यात बिनसहीचा अर्ज टाकला होता. मुलगा भलत्या लोकांत वावरतो, एवढाच मजकूर. ही बातमी त्यांना बाजारात कळली, आणि माझ्याकडे येण्याआधीच त्यांनी मुलाला संध्याकाळच्या गाडीने मुंबईला खालाकडे पाठवून दिले होते. चार दिवसांनी बीट अंमलदार चौकशीला आला. मुलगा कुठे आहे म्हणून त्याने विचारले, तर वडिलांनी गोंधळून तीन वेळा तीन उत्तरे दिली. अर्जात काही दम नव्हता. पण मुलाचे एकाएकी गावाबाहेर जाणे आणि वडिलांची तीन उत्तरे, या दोन गोष्टी मात्र खऱ्या होत्या आणि त्यांची नोंद झाली. पुढे महिनाभर चौकशी चालली ती या दोन गोष्टींची. निष्पन्न काहीच झाले नाही, पण मुलाची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली.

त्या वडिलांची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. त्या खटल्यात नऊ मुसलमान तरुणांना आरोपी करण्यात आले. पुढे तपासाची दिशाच बदलली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांपैकी हयात असलेल्या आठही जणांना आरोपातून मुक्त केले. त्यांतल्या बहुतेकांना जामिनावर बाहेर यायलाच पाच वर्षे लागली होती. ज्या समाजाने हे पाहिले आहे त्याच्या दाराशी पोलिसाची गाडी थांबली की धडकी भरते, हे स्वाभाविक आहे. परंतु धडकी भरलेला माणूस जे करतो ते बहुधा त्याच्या हिताचे नसते. म्हणून कायदा काय सांगतो आणि ठाण्यात प्रत्यक्ष काय घडते, ते आपण थोडे शांतपणे पाहू.

निनावी फोन आला की पोलिसांना दोन प्रश्न पडतात. घटना आत्ता घडते आहे का, आणि हे सांगणारा कोण. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे असण्याची शक्यता असली तर दुसऱ्या प्रश्नासाठी ते थांबत नाहीत, आणि थांबूही नये. १९६९ साली लुधियानाच्या पोलिसांना असा एक फोन आला होता. टॅक्सी स्टँडवर गोळीबार झाला आहे, एवढेच बोलणाऱ्याने सांगितले, नाव सांगितले नाही. ठाण्याच्या रोजनाम्यात नोंद झाली आणि अधिकारी जागेवर धावले. तेथे खरोखरच गुन्हा घडलेला होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा हा फोन म्हणजेच पहिली खबर मानायची काय, असा मुद्दा निघाला. न्यायालयाने १९७० मध्ये सांगितले की, कोणी केला, कोणावर केला, काहीच तपशील नसलेला असा त्रोटक निनावी निरोप म्हणजे प्रथम खबरी अहवाल नव्हे. पोलिसांना जागेवर धाडायला तो पुरेसा होता. गुन्ह्याची फिर्याद म्हणून पुरेसा नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, हा फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. निनावी खबर हा पोलिसांच्या दृष्टीने पुरावा नसतो. कोठे पाहावे, एवढेच ती दाखवते. तेथे गेल्यावर जे सापडेल, जे साक्षीदार बोलतील, ज्याचा पंचनामा होईल, तो पुरावा. न्यायालयात कोणी फौजदार उभा राहून 'मला एका माणसाने सांगितले' म्हणाला, तर तेवढ्याने कोणाला शिक्षा होत नाही.

आता 'अमक्याकडे तमके आहे' असे पत्र ठाण्यात आले तर काय होते? बहुतेक ठाण्यांत गोपनीय काम पाहणारा एक अंमलदार असतो. पत्र त्याच्याकडे जाते. तो ते वाचून लगेच दारात येत नाही. पत्रात काय आहे त्यापेक्षा काय नाही ते तो आधी पाहतो. दिवस, वेळ, जागा, वाहनाचा नंबर, माल कुठून येतो, असे पडताळून पाहण्याजोगे काही लिहिले आहे का? की नुसतेच 'हा माणूस देशद्रोही आहे, कडक कारवाई व्हावी' आहे? दुसऱ्या प्रकारचा कागद कोणत्याही जाणत्या अंमलदाराला ओळखू येतो. त्यात माहिती नसते, राग असतो. मग तो आजूबाजूला सहज विचारपूस करतो. ज्याचे नाव आहे त्याचे कोणाशी वैर आहे, घराचा वाद आहे का, दुकानाचा आहे का, हेही विचारतो. चांगले अंमलदार हे करतात. सगळेच करतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

सरकारी कार्यालयांची रीत याहून वेगळी आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने जून १९९९ मध्ये खात्यांना कळवले होते की निनावी व खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये. कारण उघड आहे. बढतीच्या तोंडावर असे अर्ज पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात. आम्हा शिक्षकांना याचा अनुभव काही कमी नाही. पोलिसांना मात्र कागद असा फेकून देता येत नाही. शंभर खोटे निघाले आणि एकशे एकावा खरा निघाला तर?

बॉम्बच्या धमक्यांत ही अडचण फार स्पष्ट दिसते. १ मे २०२४ रोजी दिल्ली परिसरातील शंभराहून अधिक शाळांना एकाच सकाळी धमकीचे ई-मेल आले. सगळ्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, बॉम्बशोधक पथके आणि श्वानपथके फिरली, आणि काहीही सापडले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात विमान कंपन्यांना शेकडो खोट्या धमक्या आल्या. विमानतळावर अशा वेळी एक समिती बसते आणि धमकी निश्चित स्वरूपाची आहे की मोघम, ते ठरवते. विमानाचा क्रमांक, दिवस, मार्ग दिला असेल तर ती निश्चित धरतात आणि विमान बाजूला नेऊन तपासतात. म्हणजे येथेही कसोटी तीच, तपशील. पण हे हल्लीच्या खोडसाळ लोकांनाही कळले आहे, म्हणून तेही विमानाचा क्रमांक लिहू लागले. तो कोणालाही फोनवर दिसतो.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तेथे येतो. धमकीखाली नाव असले तर आपण काय समजतो? ज्याचे नाव त्याने धमकी दिली, असे. बातम्या सांगणारेही तेच समजतात आणि तासाभरात ते नाव गावभर होते. ऑक्टोबर २०२४ मधल्या विमानांच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी छत्तीसगडमधल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला ताब्यात घेतले. पैशांवरून एका मित्राशी त्याचे भांडण झाले होते, आणि त्याने त्या मित्राच्या नावाने खाते उघडून धमक्या दिल्या, असे तपासात पुढे आले. २०२४ च्या अखेरीस कुंभमेळ्याला धमकी देणारा एक मजकूर मुसलमान नावाच्या खात्यावरून आला. पोलीस बिहारमधल्या पूर्णियाला पोहोचले तेव्हा खाते बनावट निघाले, चालवणारा दुसराच एक विद्यार्थी होता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मुंबईत, अनंत चतुर्दशीच्या तोंडावर, वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर निरोप आला की ३४ वाहनांत मानवी बॉम्ब आणि ४०० किलो आरडीएक्स आहे. त्या एका रात्री किती मुसलमान घरांत झोप लागली नसेल, ते आपण मला सांगायला नको. मुंबई पोलिसांनी नोएडातून एका इसमाला पकडले. एका जुन्या मित्राने आपल्यावर तक्रार केली होती, तिचा राग धरून त्याला अडकवण्यासाठी त्याच्या नावाने हा निरोप पाठवला, असे पोलिसांनी सांगितले. मित्राचे नाव मुसलमान होते.

तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे. धमकीवर जे नाव होते ते धमकी देणाऱ्याचे नव्हते, ज्याला खड्ड्यात घालायचे त्याचे होते. आणि तिन्ही ठिकाणी पोलिसांनी नावाचा माग काढला नाही, यंत्राचा काढला. निरोप कोणत्या फोनवरून निघाला, त्या फोनचा क्रमांक कोणाच्या नावावर, तो त्या वेळी कोणत्या टॉवरखाली होता, इंटरनेटची जोडणी कोठली, याची उत्तरे कंपन्यांच्या नोंदीत असतात आणि ती नावाप्रमाणे सहज बदलता येत नाहीत. पूर्वी पत्रावरचा पोस्टाचा शिक्का आणि हस्ताक्षर हे काम करीत. म्हणून अशी बातमी आल्यावर आपल्यातल्याच कोणी घाईने 'आपलाच पोरगा बिघडला' म्हणून मान खाली घालू नये, किंवा उलट 'हे सगळे कारस्थानच' म्हणून ओरडूही नये. दोन दिवस थांबावे. आलेली बातमी तपासून घ्या, ही आज्ञा सूरह हुजुरातमध्ये आहे, ती आपल्याला नवी नाही.

दुसऱ्याला अडकवण्याची ही युक्ती जुनी आहे, हे १८६० च्या दंडसंहितेवरूनही कळते. तिच्या १८२ व्या कलमात उदाहरण दिले होते. एक जण सरकारी अधिकाऱ्याला खोटेच सांगतो की अमक्याने चोरटे मीठ लपवून ठेवले आहे, आणि त्याला माहीत असते की आता त्या घराची झडती होणार व घरच्यांना त्रास होणार. मिठाच्या जागी आज दुसरे काही आले, एवढाच फरक. त्याच कलमाच्या दुसऱ्या उदाहरणात खोटी खबर देणारा कोणाचे नावही घेत नाही, फक्त अमक्या गावाजवळ मला लुटले म्हणतो, आणि त्रास सगळ्या गावाला होतो. गावाच्या जागी मोहल्ला घाला म्हणजे उदाहरण आजचे होईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा २१७ व्या कलमात आहे आणि शिक्षा वाढून एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी झाली आहे. नाव लपवून धमकी दिली तर कलम ३५१ प्रमाणे मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नाव लपवण्याने गुन्हा हलका होत नाही, जड होतो.

हे मी मुद्दाम पुढच्या रांगेतल्या मुलांकडे पाहून बोलतो आहे. दिल्लीतल्या शाळांना नंतर आलेल्या धमक्यांच्या एका प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये पोलीस पोहोचले ते बारावीच्या एका विद्यार्थ्यापर्यंत. परीक्षा टाळायची होती, असे कारण पुढे आले. परीक्षा पुढच्या वर्षीही येते. गंमत म्हणून पाठवलेला निरोप मात्र ज्या फोनवरून गेला तो बहुधा अब्बांच्या नावावर असतो आणि पोलीस पहिल्यांदा त्यांनाच बोलावतात.

खोट्याचे एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल की मग खरी खबरही देऊच नये. तसे नाही. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी काय विकले जाते, हे पालकांना ठाऊक असते. सगळे हळू आवाजात बोलतात, ठाण्यात कोणी जात नाही. माझे नाव फुटले तर, ही भीती. त्यांनी हे ऐकून ठेवावे. गुन्ह्याची माहिती कोणाकडून मिळाली ते सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर न्यायालयातही करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे १२५ वे कलम होते, नव्या साक्ष अधिनियमात ते १३१ वे आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, घरात किंवा बंद जागेत माल असल्याची खबर मिळाली तर अधिकाऱ्याने ती लिहून घेऊन ७२ तासांत वरिष्ठांकडे प्रत पाठवावी, असे आहे. तेव्हा खबर जिरवणेही तितके सोपे राहत नाही. आपले नाव सांगा अगर सांगू नका, पण मघाशी सांगितलेली कसोटी पाळा. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खांबाजवळ, कोणत्या गाडीतून. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच. ऐकलेले असेल तर ऐकले असे लिहा. तातडी असेल तर ११२ वर फोन करा. पण हे ध्यानात ठेवा की त्या फोनवर तुमचा क्रमांक त्यांना दिसतो, तेव्हा तो निनावी आहे अशा समजुतीत राहू नका.

धमकी आपल्यालाच आली तर? पहिली गोष्ट, पत्र फाडू नका आणि दहा जणांना हाताळू देऊ नका. पाकीटही जपा. लोक पत्र ठेवतात आणि पाकीट चुलीत टाकतात, आणि शिक्का पाकिटावरच असतो. मोबाइलवरची धमकी पुसू नका, पुढे पाठवू नका, फोन तसाच घेऊन ठाण्यात जा. साध्या धमकीची नोंद पुष्कळदा अदखलपात्र म्हणून होते, आपण जिला 'एन.सी.' म्हणतो ती. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. म्हणून माणूस निराश होऊन परततो. तरी ती नोंद करून घ्यावी. दुसरी धमकी आली की पहिल्या नोंदीला किंमत येते. गुन्हा दखलपात्र असेल तर मात्र तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले आहे, आणि खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

येथे भगिनींनी विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर देतो. मुलीचे नाते ठरले की मुलाकडच्यांच्या घरी निनावी पत्र जाते. हे आपल्याकडे किती घडते ते सर्वांना माहीत आहे, आणि लिहिणारा बहुधा परका नसतो. पत्रात धमकी किंवा बदनामी असेल तर कायदा आहेच. पण पत्र कितीही घाणेरडे असले तरी ते जमातीच्या बैठकीत मोठ्याने वाचू नये. लिहिणाऱ्याला हवे असते ते हेच, आणि तेवढ्याने मुलीचे व्हायचे ते नुकसान होऊन जाते.

आणि शेवटी ज्या घराच्या दारात पोलीस आले त्याच्याविषयी. मुलाला गावाबाहेर पाठवू नका. घरी असेल तर घरीच असू द्या. आलेल्या अंमलदाराचे नाव व ठाणे विचारून लिहून ठेवा, पाणी विचारा, उद्धट बोलू नका. नुसती माहिती विचारायची असेल तर पंधरा वर्षांखालील मुलाला, साठ वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही स्त्रीला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, त्यांचा जबाब ते राहतात तेथेच घ्यावा लागतो. संशयितालाही, अटकेची गरज नसेल तेव्हा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस आली तर दिलेल्या दिवशी हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर कारण लिहून ठेवावे लागते. झडती झाली तर पंच हवेत, त्याचे चित्रीकरण हवे, आणि नेलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. अटक झालीच तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे आणि दहावीच्या मुलांना मी ते दरवर्षी पाठ करायला लावतो. अठरा वर्षांखालचा मुलगा असेल तर त्याला कोठडीत ठेवताच येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्यासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घरात सापडेल अशा जागी ठेवा. वय सिद्ध करायला ऐन वेळी आमच्या कार्यालयात धावत येणारे पालक मी पाहिले आहेत, आणि तो नेमका रविवार असतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, कोठडीत असलेली माणसे आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे वकील विनामूल्य मिळतो. अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. तो कसा लिहावा, आणि ३५(३) ची नोटीस कशी असते, याचे नमुने मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. ज्यांना हवे त्यांनी कार्यक्रमानंतर प्रत करून घ्यावी. आता आपले प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या चाचांनी मघापासून हात वर केला आहे.